आयफोन १३ अजून चालतो का? चिप तरुण, बॅटरी म्हातारी

ज्यांच्या हातात आयफोन १३ आहे त्यांना पडलेला प्रश्न म्हणजे अजून वर्षभर ओढायचा की बदलायचा. ज्यांच्याकडे नाही ते विचारतात, सेकंडहँड स्वस्तात मिळतोय, घेऊ का? दोघांना एकच उत्तर देता येत नाही, कारण हा फोन सगळीकडून सारखा जुना झालेला नाही. चिप ठणठणीत आहे. वय जाणवते ते बॅटरीत आणि उन्हातल्या स्क्रीनवर. रॅम, म्हणजे चालू कामे धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी, कुठेतरी मधेच आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा १२८ जीबीच्या मॉडेलची भारतातली किंमत ७९,९०० रुपये होती. २०२४च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने तो यादीतून काढला. आतली ए१५ बायोनिक चिप मात्र पुढच्या वर्षीच्या आयफोन १४ मध्येही तीच होती, फक्त ग्राफिक्सचा एक कोर जास्त. म्हणून १३ वरून १४ वर जाण्यात तेव्हाही फारसा अर्थ नव्हता आणि आज तर अजिबातच नाही. यूपीआय, नकाशे, व्हॉट्सअ‍ॅप, बँकेची अ‍ॅप्स, व्हिडिओचे साधे संपादन या कशातही चिप कमी पडत नाही.

अडते ते ४ जीबी रॅमवर. १४ मध्ये ६ आणि १६ मध्ये ८ जीबी आहे. त्रास कसा होतो ते बघा: ब्राउझरमध्ये एखाद्या सरकारी पोर्टलचा लांबलचक अर्ज अर्धा भरलाय, मधेच कॅमेरा उघडून कागदाचा फोटो काढला, परत आलात तर पान नव्याने लोड होते आणि भरलेले सगळे गायब. कॅमेरा रॅम भरपूर खातो, म्हणून फोन मागचे पान बाहेर ढकलतो. यावर सेटिंग नाही. फोटो आधी काढून ठेवायचे, मग अर्ज उघडायचा. ओटीपीसाठी मेसेज अ‍ॅपमध्ये जायची गरज नसते, तो कीबोर्डच्या वर आपोआप येतो. तिथेच टॅप करायचे.

रॅममुळेच अ‍ॅपल इंटेलिजन्स (एआयच्या सोयी) १३ वर येत नाही, त्यासाठी १५ प्रो किंवा पुढचा फोन लागतो. मराठी वापरणाऱ्याचे यात मोठे नुकसान नाही, कारण त्याच्या भाषांत मराठी नाहीच. उलट आयओएस १८ या फोनच्या मूळ प्रणालीत आलेली भारतीय भाषांची सोय १३ वरही मिळते: इंग्रजी अक्षरांत लिहून देवनागरी उमटवणारा कीबोर्ड आणि लॉक स्क्रीनवर मराठी आकड्यांतले घड्याळ. १८.१ पासून कॉल रेकॉर्डिंगही आहे. मात्र रेकॉर्डिंग सुरू होताना पलीकडच्यालाही तशी सूचना ऐकू जाते, गुपचूप काही होत नाही.

१३ वर आयओएस २६ चालते. ते आयफोन ११ पासून पुढच्या सगळ्यांना मिळाले. २०१८च्या आयफोन एक्सआरला सात वर्षांनी, २०२५ मध्ये वगळले गेले. तोच हिशेब १३ ला लावला तर त्याची पाळी २०२८ मध्ये येईल, म्हणजे मोठे अपडेट २०२७ पर्यंत यायला हरकत नाही. २६ मधला काचेसारखा पारदर्शक देखावा अंगावर येत असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज, तिथे रिड्यूस ट्रान्सपरन्सी चालू करा. अक्षरेही नीट वाचता येतात. आणि मोठ्या अपडेटनंतर दोन-तीन दिवस फोन तापणार, बॅटरी उतरणार. आत फोटो आणि फायलींची नव्याने सूची बनत असते. तेवढ्यात 'अपडेटने फोन बिघडवला' असा निकाल देऊ नका.

बॅटरी

या फोनचा निवाडा इथेच होतो. नवी बॅटरी ३,२२७ एमएएचची. कंपनीचाच दावा असा की ५०० पूर्ण सायकलनंतर ८० टक्के क्षमता राहते. आयफोन १५ पासून हाच आकडा १,००० सायकल केला आहे. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के खर्च: आज ६० आणि उद्या ४० वापरले तर मिळून एक. रोज एक सायकल धरली तर ५०० सायकल दीड वर्षाच्या आतच होतात. म्हणजे २०२२ मध्ये घेतलेल्या फोनने, बॅटरी बदललेली नसेल तर, ही मर्यादा केव्हाच ओलांडली. ८० टक्के क्षमतेला हातात उरते सुमारे २,५८० एमएएच. नवा असताना दिवस निघायचा, आता दुपारीच चार्जर शोधावा लागतो तो यामुळे.

क्षमता पाहायला सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ. सायकलचा आकडा मात्र १३ वर तिथे दिसत नाही, ती सोय १५ पासून. मॅक असेल तर फोन केबलने जोडून कोकोनटबॅटरीसारख्या प्रोग्रॅममध्ये दिसतो. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची मर्यादाही १५ पासूनच. १३ वर फक्त ऑप्टिमाइज्ड चार्जिंग आहे, ते चालू असू द्या.

टक्केवारीपेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरी. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. चिपने एकदम जास्त वीज मागितली, समजा कॅमेरा उघडला, की व्होल्टेज कोसळते आणि २० टक्के दाखवणारा फोन चक्क बंद पडतो. असे एकदा झाले की फोन स्वतःच चिपचा कमाल वेग आवळतो, पुन्हा बंद पडू नये म्हणून. बॅटरी हेल्थच्या पानावर तसा मजकूर येतो. 'फोन स्लो झाला, आता बदलायलाच हवा' म्हणणाऱ्यांनी आधी तो मजकूर वाचावा. नवी बॅटरी टाकली की वेग परत येतो, कारण चिप कधी थकलेलीच नसते.

बॅटरी अधिकृत ठिकाणीच बदला. बाहेरची टाकली तर फोन ती अनोळखी भाग म्हणून दाखवतो आणि विकताना तोच मुद्दा पुढचा माणूस काढतो. बॅटरी बदलायला स्क्रीन उघडावा लागतो, म्हणजे पाणी अडवणारे चिकट सीलही फुटते. ते नवे बसवतात का, हे फोन देण्याआधी विचारून घ्या.

चार्जिंग केबलने साधारण २० वॉटचे: अर्ध्या तासात ५० टक्क्यांपर्यंत, त्यानंतर सावकाश. मॅगसेफवर, म्हणजे मागे चुंबकाने चिकटणाऱ्या वायरलेस चार्जरवर, १५ वॉट. फारसे कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे आयओएस १७.२ नंतर आयफोन १३ क्यूआय२ या नव्या वायरलेस मानकाच्या चार्जरवरही १५ वॉट घेतो. महागडा मॅगसेफ घ्यायची गरज उरलेली नाही, साध्या जुन्या क्यूआयवर मात्र ७.५ वॉटच मिळतात.

ऊन, गाडी आणि पावसाळा

स्क्रीनची नेहमीची कमाल चमक ८०० निट्स (चमक मोजण्याचे एकक). आयफोन १५ आणि १६ उन्हात २,००० पर्यंत जातात, १७ तर ३,००० पर्यंत. सावलीत १३चा ओएलईडी स्क्रीन आजही देखणा आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या भर दुपारी रस्त्यावर क्यूआर स्कॅन करायला फोन काढा, फरक तिथे कळतो. शिवाय कंपनीने दिलेली वापराची मर्यादा ३५ अंशांची. त्यापुढे फोन चमक स्वतः कमी करतो आणि चार्जिंगही थांबवतो. हा बिघाड नाही. कव्हर काढा, सावलीत ठेवा, निवला की चार्जिंग पुन्हा सुरू होते. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरते.

दुचाकीच्या हँडलवर फोन लावून नकाशा बघणाऱ्यांसाठी आणखी एक सावधगिरी. १३ च्या मुख्य कॅमेऱ्यात सेन्सरच हलवून हातथरथर रोखणारी यंत्रणा आहे. मोटरसायकलच्या इंजिनाचे जोरकस कंपन हँडलमधून सतत बसत राहिले तर ती बिघडू शकते, असा इशारा कंपनीने २०२१ मध्येच दिला होता. लक्षण ओळखायला सोपे: कॅमेरा उघडला की बारीक गुणगुण येते आणि चित्र थरथरत राहते. लावायचाच असेल तर कंपन शोषणारा माउंट घ्या. स्वस्तातला कडक चिमटा नको.

पावसाळ्यात लाइटनिंग पोर्टमध्ये, म्हणजे चार्जिंगच्या खाचेत, ओल गेली की फोन इशारा देतो आणि केबलने चार्जिंग नाकारतो. केबल काढा, पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा, हवा खेळेल अशा जागी किमान अर्धा तास ठेवा. पूर्ण सुकायला एक दिवसही लागू शकतो. तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदळाचे कण आणि पीठ आत जाते. घाई असेल तर फोनची पाठ कोरडी करून वायरलेस चार्जरवर ठेवता येतो. ओल्या पोर्टमध्ये रेटून चार्जिंग करणाऱ्यांच्या केबलची एक पिन काळी पडते. ती वीज वाहणारी पिन, गंजून जळालेली. अशी केबल टाकून द्या. केबल सैल बसत असेल तर बहुतेक वेळा पोर्टमध्ये खिशातला कापूस ठासलेला असतो: फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हळूच कोरून काढा. टाचणी नको.

पाणी आणि धूळ अडवण्याचा आयपी६८ दर्जा नव्या फोनचा. चार वर्षांनंतर, त्यातही एकदा उघडलेल्या फोनवर, त्याच्या भरवशावर धबधब्याखाली उभे राहू नये.

कॅमेरा

दिवसाउजेडी काढलेले फोटो मोबाइलच्या पडद्यावर आजही कुणाला जुने वाटणार नाहीत. व्हिडिओ तर अनेक नव्या अँड्रॉइडपेक्षा स्थिर आणि रंगाला पक्का. उणिवा नेमक्या आहेत. झूमची लेन्स नाही. १५ पासूनचा ४८ मेगापिक्सलचा सेन्सर मधला भाग कापून २ पट झूम चांगला देतो, १३ वर २ पट म्हणजे नुसते ताणलेले चित्र. रुंद दृश्य टिपणाऱ्या अल्ट्रावाइड लेन्सला ऑटोफोकस नाही, म्हणून फुला-किड्यांचे अगदी जवळचे फोटो जमत नाहीत. पुढच्या कॅमेऱ्यातही ऑटोफोकस नाही, तो १४ पासून आला. रात्री आरतीच्या ताटाचा किंवा मंडपाच्या माळांचा फोटो काढताना दिव्यांचे हिरवट ठिपके चौकटीत उमटतात. आधी लेन्स पुसा, मग फोन थोडा तिरका करून दिवे चौकटीच्या मधल्या भागापासून दूर न्या. पूर्ण जात नाहीत, पण चेहऱ्यावरून तरी हटतात.

जागेचा हिशेब: ४के ६० फ्रेमचा (सेकंदाला ६० चित्रे) एक मिनिट व्हिडिओ सुमारे ४०० एमबी खातो, ४के ३० चा १७०, १०८०पी ३० चा ६०. लग्नाचे दोन तास ४के ६० वर घेतले तर ४८ जीबी गेले. १२८ जीबीच्या फोनवर ४के ३० ठेवा. आणि ते सगळे केबलने संगणकावर उतरवताना यूएसबी २ चा जुना, संथ वेग मिळतो. इथे १५, १६ आणि १७ चे साधे मॉडेलही वेगळे नाहीत. पोर्ट सी प्रकारचे झाले, वेग तोच राहिला.

नव्यांसमोर

आयफोन १७ ने ८२,९०० रुपयांत २५६ जीबी आणि १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, स्क्रीन दिला. १३ वरून उडी मारायचीच तर ही खरी. १६ चा स्क्रीन अजून ६० हर्ट्झचाच, मागचा एकच कॅमेरा असलेल्या १६ईचाही तसाच, शिवाय त्यात मॅगसेफ नाही. ६० हर्ट्झ डोळ्यांना खुपतो तो १२० वर महिनाभर राहून आल्यावर. तोवर कुणी तक्रार करत नाही.

अँड्रॉइडकडे पाहिले तर वनप्लस १३आर ४२,९९९ ला बाजारात आला, बॅटरी ६,००० एमएएच आणि चार्जिंग ८० वॉटचे. चार्जिंगच्या बाबतीत आयफोन १३ त्याच्यापुढे उभाच राहत नाही. पण वजन २०६ ग्रॅम आणि स्क्रीन पावणेसात इंचांहून मोठा. १३ साधारण पावणेदोनशे ग्रॅमचा, एका हातात मावणारा. आकार तसाच हवा असेल तर पिक्सेल ९ए बघा: ४९,९९९ ची लाँच किंमत, २५६ जीबी, ५,१०० एमएएच, १२० हर्ट्झ, सात वर्षांचे अपडेट. नवा फोन घेणाऱ्याने तेवढ्या पैशांत दुकानात पडून राहिलेला सीलबंद १३ घेणे म्हणजे २०२१ ची बॅटरी आणि दोन वर्षांचे अपडेट विकत घेणे.

हातात आधीपासून असेल आणि क्षमता ८० च्या खाली गेली असेल, तर माझे मत सरळ आहे: बॅटरी बदला आणि निदान दीड-दोन वर्षे खुशाल वापरा.

सेकंडहँड घेताना

सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जा. दुरुस्ती झालेली असेल तर तिथे पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी दिसते. स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा यांपैकी काय बदलले आणि अस्सल आहे की नाही. तिथेच मॉडेल क्रमांक पाहा: पहिले अक्षर एम म्हणजे नवा विकलेला, एफ म्हणजे कंपनीने नूतनीकरण केलेला, एन म्हणजे बदलून दिलेला. शेवटी एचएन असेल तर भारतातला, जे असेल तर जपानचा. भोवतालच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग बदलणाऱ्या ट्रू टोनचा पर्यायच दिसत नसेल तर स्क्रीन बहुधा बाहेरचा आहे.

सिमचा ट्रे काढून खाचेत विजेरी मारा. आतली पांढरी खूण लाल झाली असेल तर फोनने पाणी प्यायले आहे. *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा, केवायएम लिहून जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून अडवलेला असेल तर कळते. मालकाने तुमच्यासमोर फाइंड माय (हरवलेला फोन शोधण्याची आणि कुलूपबंद करण्याची सोय) बंद करून फोन पूर्ण पुसला पाहिजे. पैसे त्यानंतर, नव्या फोनचा हॅलोचा पडदा दिसल्यावर.

पाठीची काच नखाने चाचपा. बारीक तडा असलेला फोन 'काच तर बदलता येते' म्हणून स्वस्तात दिला जातो. १४ मध्ये ती काच सुटी निघते, १३ मध्ये ती सांगाड्याला घट्ट चिकटवलेली आहे. रस्त्यावरचा कारागीर ती तापवून, खरवडून काढतो, खाली वायरलेस चार्जिंगची कॉइल असते. तडा असेल तर किंमत तशी पाडून मागा, नाहीतर दुसरा फोन बघा.