पद्मिनीच्या रबरापायी १३,१५० रुपये पाण्यात

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला हसायचंय त्यानं हसून घ्यावं. १३,१५० रुपये. तीन हप्त्यांत, माझ्याच फोनवरून, माझाच पिन टाकून.

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. स्टिअरिंगला गिअर, १०८९ सीसी, आजही चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला उठते. इंजिनाचं काही दुखणं नाही. दुखणं रबराचं. चारही दारांची रबरं उन्हानं वाळून पापडासारखी झालेली, पुढच्या काचेचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलेलं. गेल्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाशी तळं साचायचं. मॅट उचलली तर खाली पत्र्यावर गंजाचे फोड. अजून एक पावसाळा असाच गेला असता तर फ्लोअर कापून नवा पत्रा मारावा लागला असता, हे मिस्त्री मला तीन वेळा ऐकवून गेला होता. दारं, डिकी, पुढची-मागची काच आणि खिडक्यांचे चॅनेल, असा सगळा सेट बनवून घ्यायचे त्यानं २२,००० सांगितले, मजुरी वेगळी. मी पेन्शनर माणूस. स्वस्तात कुठं मिळतं का बघत होतो, हा काही गुन्हा नाही.

तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात आली. ‘कुर्ला कारखान्याचा जुना ओरिजिनल स्टॉक, सीलबंद, फुल सेट ११,८००.’ फोन केला. पलीकडचा माणूस हिंदीत, अदबशीर. ‘अंकल, आजकल पद्मिनी रखता कौन है, आप शौकीन आदमी लगते हो.’ झालं. एवढ्या एका वाक्यात मी विरघळलो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. अजून दोन गिऱ्हाइकं मागे लागलीत, एकच सेट उरलाय, टोकन टाका. टाकले ३,०००.

आता खरं जे लागलंय ते सांगतो. मी ३१ वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात परचेसला होतो. नवा व्हेंडर आला की त्याची कागदं तपासणं हेच माझं काम. ओ-रिंग आणि गॅस्केटचे लॉट आले की पाकिटावरची क्युअर डेट, म्हणजे रबर पक्कं केल्याची तारीख, बघायची, जुनी असेल तर लॉट परत. रबर पाकिटात ठेवलं तरी म्हातारं होतं, हे मी नव्या पोरांना शिकवलंय. आणि पद्मिनी तर २००० सालाच्या सुमारास बंद झाली. म्हणजे ‘ओरिजिनल सीलबंद’ खरंच असतं, तरी ते किमान २५ वर्षांचं रबर! वाकवलं की तुकडा पडणार. कारखान्यात कुणी मला हे विकायला आला असता तर त्याला चहासुद्धा न पाजता वाटेला लावला असता. घरी मात्र ‘ओरिजिनल’ हा शब्द ऐकून गहिवरलो.

दुसऱ्या दिवशी रात्री सव्वानऊला बिल आलं, फोटो काढून. जेवण झालं होतं, ही टीव्हीसमोर. वर लेटरहेड झकास, पत्ता कुर्ला, मुंबई. खाली जीएसटी नंबर. तो मी वाचला. पहिले दोन आकडे ०९. महाराष्ट्राचा कोड २७, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. ०९ उत्तर प्रदेश. मी बघितलं, चष्मा वर करून पुन्हा बघितलं, आणि मनात काय म्हणालो? ‘नोंदणी तिकडची असेल, इथं ब्रँच असेल.’ त्यानं काही विचारायच्या आत त्याच्या वतीनं उत्तर मीच तयार केलं. मुंबईच्या ब्रँचलाही नंबर २७चाच लागतो, हेही मला ठाऊक. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा जनरल स्टोअर्सचं. तेही वाचलं. अंगठा हवेतच थांबला, पंधरावीस सेकंद तरी. मग ८,८०० गेले.

तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकायला अर्धं मिनिट लागतं, फुकट आहे. मी टाकला पार्सल आल्यानंतर. होजिअरीचा धंदा, नोंदणी रद्द.

मधे आणखी १,३५० गेले, ‘ट्रान्सपोर्ट इन्शुरन्स, डिलिव्हरीनंतर रिफंड’. याचं माझ्याकडे काहीच समर्थन नाही. ११,८०० अडकलेत म्हटल्यावर माणूस १,३५० टाकतो.

नवव्या दिवशी पार्सल आलं. आत गुंडाळी केलेली काळी पट्टी, सहा-सात मीटर. हातात घेतली तर बोटं काळी. वरून स्प्रे मारलेला, खालून राखाडी प्लॅस्टिक निघालं. एका घडीत जुनी बुरशीसुद्धा होती. पट्टी दाराजवळ नेली तर ती आपोआप पत्र्याला चिकटली. ही मागून म्हणाली, ‘अहो, बसली की!’ मी पट्टी ओढून काढली, चिरून बघितली. आत चुंबकाची पट्टी. फ्रिजच्या दाराचं गॅस्केट होतं ते. वापरलेलं.

मग सुरू झाली वारी. १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, कितीतरी वेळा एंगेज, लागला तेव्हा पलीकडून प्रश्न: ‘पैसे कधी गेले?’ नऊ दिवसांपूर्वी. ‘लगेच का नाही केलात?’ अहो, फसलो हे पार्सल फोडल्यावर कळलं ना! पण हे मात्र खरं, शंका आली की त्या तासाभरात फोन करा, तोवर पैसे पुढच्या खात्यांत अडवता येतात. नंतर सगळे नुसते हळहळतात. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, ‘ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल आहे, पिन तुम्हीच टाकलाय.’ मी कधी म्हटलं शेजाऱ्यानं टाकला? चौकीत गेलो. तासभर बाकावर. हवालदारसाहेबांनी गॅस्केट उलटसुलट केलं आणि म्हणाले, ‘काका, माल आलाय ना? मग हे दिवाणी. ग्राहक मंचात जा.’ फ्रिजचं रबर पाठवलं म्हणजे माल आला! म्हणजे चोरानं दगड पाठवला असता तरी दिवाणी, आणि काहीच पाठवलं नसतं तर फौजदारी. त्या भामट्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच तो काहीतरी पाठवतो. वर सल्ला, ‘कशाला ठेवलीय ती गाडी, भंगारात द्या.’ सायबरवाले म्हणाले स्थानिक चौकीत जा. चौकीवाले म्हणाले सायबरला जा. एकानं तर समोरचा राहतो तिथं तक्रार करा म्हणून सांगितलं. साफ खोटं. २०१९च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. पण नोटीस पाठवणार कुणाला? पत्त्यावर त्या नावाचं दुकानच नाही. अर्जाची पोच तेवढी मिळाली. तक्रारीच्या पोर्टलवर चार महिने ‘अंडर प्रोसेस’.

शेवटी जुन्या रबराचा इंचभर तुकडा कापून खिशात टाकला आणि पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या पार्टच्या बाजारात गेलो, जिथं पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. म्हाताऱ्या दुकानदारानं तुकड्याची कापलेली बाजू बघितली, नखानं दाबली आणि मागून ईपीडीएमचं, म्हणजे ऊनपाऊस सोसणारं, स्पंज रबर काढलं. १२० रुपये मीटर, चार दारांना १४ मीटर, १,६८०. सेक्शन, म्हणजे रबराचा आडवा छेद, जुळतो की नाही हे कापलेल्या तोंडावरच कळतं, फोटोत नाही. दुसऱ्या गावाहून मागवणार असाल तर आधी दोन इंचाचा नमुना कुरिअरनं मागवा. जो नमुन्याला टाळाटाळ करील त्याच्याशी बोलणं तिथंच बंद. काचेचं रबर मात्र मीटरवर घेऊ नका, अखंड रिंगच बघा, कोपऱ्यात जोड आला की पाणी आलंच. ते मला अजून मिळालेलं नाही. सध्या सीलंट मारून चालवतोय.

ते गॅस्केट टाकून देणार होतो, पण हवालदारसाहेब म्हणाले पुरावा आहे, जपून ठेवा. म्हणून डिकीत ठेवलंय. स्टेपनी काढायला गेलं की दर वेळी आतल्या पत्र्याला चिकटलेलं सापडतं.