कमी भाडं, चार हात आणि बुडालेला बॅलन्स

ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीने दर पाडून आमचं कायमचं काम नेलं, तिच्याकडे स्वतःची एकही गाडी नव्हती. हे आम्हाला कळलं तेव्हा तिचाच माल आमच्या गाडीत भरलेला होता. त्या भाड्याचा बॅलन्स, म्हणजे ऍडव्हान्स वजा जाता उरलेली रक्कम, आजवर मिळालेला नाही. एक-दोन किंवा पाच-सहा गाड्यांवर घर चालवणाऱ्यांनी हे नीट वाचावं म्हणून सगळं उघडपणे लिहितो आहे.

एका कारखान्याचा माल आम्ही वर्षानुवर्षं वाहत होतो. भाडं फार नव्हतं, पण वेळेवर मिळायचं. नवे दर मागवले गेले आणि एका अनोळखी कंपनीने आमच्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्शाने कमी दर भरला. आम्ही हिशेब पुन्हा मांडून पाहिला: डिझेल, टोल, चालकाचा पगार आणि भत्ता, टायर, विमा, कर्जाचा हप्ता. त्या दरात डिझेल, टोल आणि पगार कसाबसा निघत होता. टायर आणि हप्ता निघत नव्हता. कारखान्याच्या डिस्पॅच साहेबांना मी कागदावर हा हिशेब दाखवला. ते म्हणाले, "त्यांना परवडतंय, मग तुम्हाला का नाही?" काम गेलं.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या धंद्याला लागू आहे. गाडी उभी राहिली तरी हप्ता आणि विमा थांबत नाही. त्यामुळे डिझेलच्या वर चार पैसे देणारं कुठलंही भाडं उभं राहण्यापेक्षा बरं वाटतं. परतीला तर जास्तच, कारण रिकामी गाडी आणली तरी डिझेल आणि टोल लागतोच. मालक त्या पडेल भावात माल भरतो. त्या खेपेपुरतं त्याचं बरोबरही असतं. पण पार्टी, म्हणजे माल पाठवणारा, तो भाव लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी जातानाच्या भाड्यालाही तोच सांगते. मग दुसरा मालक त्याच्याही खाली उतरतो. हातात रोकड खेळत असते, म्हणून गाडी चालते आहे असं वाटतं. खरं तर दर खेपेला थोडा टायर, थोडं इंजिन विकून डिझेल भरलं जात असतं. हे कळतं ते एकदम सहा टायर बदलायची वेळ आली की. तोवर भाव खाली बसलेला असतो आणि तो वर काढायला कोणी पुढे येत नाही.

अशा बाजारात ज्याच्याकडे गाडीच नाही, तो सगळ्यात कमी दर भरू शकतो. त्याला टायर बदलायचा नसतो.

काम गेल्यावर मंदी आली आणि गाड्या उभ्या राहू लागल्या. एका ओळखीच्या दलालाच्या शिफारशीने दुसऱ्या दलालाचा फोन आला. माल तयार आहे, आजच भरायचा आहे, ऍडव्हान्स लगेच. ऍडव्हान्स खरंच आला, डिझेलपुरता. चालकाने भरायचा पत्ता उघडला तर तो आमचाच जुना कारखाना होता. बिल्टी, म्हणजे मालाबरोबरचा वाहतुकीचा कागद, त्या कमी दरवाल्या कंपनीची. माल ज्या गोदामात उतरवायचा, तिथला कारकून आमच्या चालकाला ओळखत होता. "तुमची गाडी परत लागली का?" असं त्याने विचारलं. आधीच्या काही दिवसांची नोंदवही त्याने समोर ठेवली. दर वेळी वेगळी गाडी, वेगळा मालक, आणि बिल्टी मात्र त्या एकाच कंपनीची. बिल्टीवर भाड्याच्या रकान्यात आकडा नव्हता, "ठरल्याप्रमाणे" एवढंच लिहिलेलं.

पुढे कळलं ते असं. कारखान्याने काम कंपनीला दिलं, कंपनीने एका दलालाला, त्याने दुसऱ्याला, आणि त्याने आम्हाला. कारखान्याचं भाडं शंभर धरलं तर गाडीच्या नावाने सत्तरच ठरले होते. त्यातलेही ऍडव्हान्सचे तेवढे मिळाले.

माल पूर्ण उतरला. पोचेवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, सही झाली, शिक्का बसला, रिमार्क काही नाही. मूळ पोच हातात पडल्याशिवाय बॅलन्स सुटत नाही हा धंद्याचा रिवाज, त्यामुळे ती पाठवली गेली. दलाल म्हणाला, "शेठ, पोच आली की संध्याकाळी टाकतो." पुढे पार्टीचं पेमेंट अडकलं असं सांगितलं. मग माल भिजला म्हणून डेबिट नोट (भाड्यातून कपातीचा कागद) आली असं ऐकवलं गेलं, जरी पोचेवर भिजल्याचा एक शब्द नव्हता. मग फोन बंद. कारखान्यात चौकशी केली तर त्यांनी त्याच मूळ पोचेवर कंपनीला पूर्ण भाडं चुकतं केलं होतं, कपात शून्य. कंपनी म्हणाली, आमचा व्यवहार दलालाशी आहे. काही दिवसांनी कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं आणि दारात आमच्यासारखे बरेच गाडीमालक उभे होते.

तिथे उभ्या उभ्या सगळ्यांनी आपापले आकडे सांगितले आणि त्या पाडलेल्या दराचं कोडं सुटलं. बॅलन्स द्यायचाच नाही असं ठरवलं, तर तोट्याच्या दरातही भरपूर नफा उरतो. ऍडव्हान्समुळे गाड्या लागत राहतात, बॅलन्स साचत जातो, आणि तो पुरेसा साचला की ऑफिस बंद होतं. त्यांचा दर कमी होता तो आमच्या पैशावर.

हा प्रकार एका देशापुरता नाही. अमेरिकेत 1980 च्या कायद्याने ट्रकभाड्यावरचं सरकारी नियंत्रण सैल केलं, नव्या कंपन्यांना दार उघडलं आणि भाव उतरले. आज तिथेही एका दलालाने घेतलेलं काम गुपचूप दुसऱ्याला विकण्याचा रोग मोठा आहे. गाडीवाल्याचं भाडं बुडू नये म्हणून तिथे 2013 पासून मालवाहतूक दलालाला 75,000 डॉलरची हमी ठेवावी लागते. मूळ पार्टीने किती भाडं दिलं, हे दलालाच्या दप्तरात पाहण्याचा हक्क वाहतूकदाराला आहे. दलाल करारात हा हक्क सोडायला लावतात, हेही खरं. आंतरराष्ट्रीय रस्ते मालवाहतुकीसाठी 1956 साली जिनिव्हात झालेला सीएमआर करार मला सगळ्यात शहाणा वाटतो. त्यात मालपत्राच्या तीन मूळ प्रती असतात: एक माल पाठवणाऱ्याची, एक मालाबरोबर जाणारी, आणि तिसरी वाहतूकदाराने स्वतःकडे ठेवायची. दिसणारं नुकसान माल ताब्यात घेतानाच सांगावं लागतं. न दिसणारं असेल तर रविवार आणि सुट्ट्या वगळून सात दिवसांत लेखी. नाहीतर माल ठीक मिळाला असं धरलं जातं. महिन्याने "भिजला" म्हणणाऱ्याला तिथे ते सिद्ध करून दाखवावं लागतं.

बॅलन्स बुडवायचा नसेल, तर पडेल दर भरून काढायला ओव्हरलोड उरतो, आणि तो तर जिवावर बेततो. 1958 ते 1960 मध्ये अमेरिकेत इलिनॉयच्या ओटावाजवळ झालेल्या एएएसएचओ (तिथल्या राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रस्ता-चाचणीतून रस्त्याची झीज साधारण एक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते असं दिसलं. एक्सलवर 20 टक्के वजन वाढवलं तर रस्ता जवळपास दुप्पट झिजतो. ब्रेक आणि टायरवर ताण येतो तो वेगळा, आणि अपघात झाला की जबाब चालकाला द्यावा लागतो. दर ठरवणारा तिथे नसतो.

आता गाडी लावण्याआधी आम्ही माल कोणाचा, काम मुळात कोणाला मिळालंय आणि मध्ये कितीजण आहेत, हे विचारतो. टाळाटाळ झाली की गाडी पाठवत नाही. भाडं, ऍडव्हान्स, बॅलन्सची तारीख आणि हॉल्टिंग (गाडी खोळंबल्याचे पैसे) हे सगळं माल भरण्याआधी लेखी घेतो. मेसेज चालतो, पण त्यात आकडा हवा. पोचेचे दोन्ही बाजूंनी फोटो काढतो, शिक्का आणि तारीख वाचता येईल असे. माल उतरल्याच्या दिवशीच थेट कारखान्याला कळवतो की ही गाडी आमची आहे आणि आमचं भाडं येणं आहे. दलाल यावर चिडतात. चिडू द्यावं. बुडालेल्यांपैकी ज्या एका मालकाने हे वेळेत कळवलं होतं, त्याच्या खेपेचं पेमेंट कारखान्याने रोखून धरलं आणि त्याला थेट दिलं.