यांगत्से क्रूझ, आबांना घेऊन: चोंगचिंग ते यीचांग, तीन रात्री

एप्रिलमध्ये आबांना घेऊन चीनमधली यांगत्से नदीवरची क्रूझ करून आलो. तेव्हापासून कोपरखैरणेत सोसायटीतले, ऑफिसातले सगळे तेच तेच विचारतायत, की चीनला कशाला, आणि तेसुद्धा माळकरी माणसाला घेऊन, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. क्रूझ नक्की करा, पण नदी बघायला म्हणून करा. बोटीवरची चैन हवी असेल तर तेवढ्या पैशात दुसरीकडं जास्त मिळेल.

आबांचं थोडं सांगायला लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आबा मूळचे जावळी तालुक्यातले, कोयनेच्या खोऱ्यातले. गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. पुढं मुंबईला आले, मस्जिद बंदरला माथाडीत लागले, मार्केट वाशीला आलं तसं आम्हीही इकडं कोपरखैरणेत आलो. टीव्हीवर एकदा यांगत्सेवरचं थ्री गॉर्जेस धरण दाखवत होते तेव्हा ते म्हणाले होते, "एवढं पानी अडवलंय म्हंजी मानसं किती उठवली असतील?" तेव्हाच डोक्यात बसलं होतं की यांना तिकडं न्यायचं.

आता कामाचं. आम्ही बँकॉकमार्गे चोंगचिंगला उतरलो. व्हिसा आधी काढावाच लागतो, ते 240 तासांचं विनाव्हिसा ट्रान्झिट भारतीय पासपोर्टला चालत नाही, रील बघून तिकीट काढू नका. पैसे सगळीकडं मोबाइलवर, त्यामुळं अलीपे इथूनच डाउनलोड करून आपलं कार्ड जोडून ठेवा, बँकेत इंटरनॅशनल व्यवहार चालू करून घ्या, 200 युआनच्या वर पेमेंट केलं की परदेशी कार्डाला 3 टक्के जादा लागतात म्हणून छोटी छोटी पेमेंटं केलेली बरी. तिकडच्या वायफायवर गूगल, व्हॉट्सअॅप काही उघडत नाही, पण आपल्या सिमचं रोमिंग टाकलं तर चालतं, मी आबांच्या फोनला पण टाकलं कारण आईला रोज संध्याकाळी फोन नाही झाला तर दोघांनाही चैन पडत नाही.

क्रूझचे आम्हाला माणशी 3,800 युआन पडले, युआन साधारण बारा रुपयांचा धरा. तीन रात्री, बाल्कनीची केबिन, जेवण आणि बहुतेक ठिकाणांची तिकिटं त्यात. प्रवाहाबरोबर जाणारी म्हणजे चोंगचिंगहून निघणारी घ्या, उलटी यीचांगहून येणारी घेतली तर एक रात्र जास्त जाते.

बुकिंग वाशीतल्या एका एजंटकडून केलं आणि इथंच मनस्ताप झाला. नाव लिहीत नाही. पण "जैन जेवण कन्फर्म, इंग्लिश गाइड कन्फर्म" असं दोनदा विचारून, तोंडावर सांगून घेतलं होतं, आणि बोटीवर गेल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीकडं आमच्या नावापुढं असं काहीच नव्हतं, नुसती दोन नावं आणि पासपोर्ट नंबर. मला स्वतःसाठी काही वाटलं नाही, पण बहात्तर वर्षांच्या माणसाला तुम्ही परदेशात उपाशी ठेवू शकता हे माहीत असताना खोटं सांगायचं, याचा राग अजून गेलेला नाही. जेवणाचं आणि गाइडचं बोटीकडून लेखी आल्याशिवाय शेवटचा हप्ता भरू नका.

बोटीत चढायच्या आधीची एक गोष्ट सांगतो. चाओथ्येनमन म्हणून धक्का आहे, जिथं च्यालिंग नदी यांगत्सेला मिळते. चोंगचिंग सगळं डोंगरावर बसलेलं शहर, नदीवर उतरायचं म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. तिथं बांबू घेऊन हमाल उभे असतात, त्यांना बांगबांग म्हणतात, म्हणजे काठीवरूनच नाव पडलंय. आता थोडेच उरलेत आणि जे दिसले ते सगळे साठीच्या पुढचे. एकानं आमच्या दोन बॅगा दोरीनं बांबूच्या दोन टोकांना बांधल्या. आबा बघत उभे. मग त्यांनी त्याला हातानं थांबवलं, एका बाजूची दोरी सोडली, बॅग दोन बोटं वर घेतली आणि परत गाठ मारली, कारण वजन एकीकडं जात होतं. तो माणूस बांबू खांद्यावर घेऊन एकदा झुलवून बघतो तर बरोबर मधोमध! त्यानं आबांच्या खांद्यावर हात ठेवला, शर्टावरनंच ती गाठ चाचपली, जी पोती वाहून वाहून तिथं झालीय, आणि स्वतःची कॉलर बाजूला करून आपली दाखवली. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. खाली उतरेपर्यंत आबा त्याच्या बाजूनं, त्याच्याच चालीनं उतरले, मी मागं.

बोट स्वच्छ, केबिन ठीक, बाथरूम छोटं पण गरम पाणी चोवीस तास. लिफ्ट आहे त्यामुळं गुडघेदुखीवाल्यांना अडचण नाही. सकाळी सहा-साडेसहापासून केबिनमधल्या स्पीकरवर चिनी भाषेत घोषणा सुरू होतात, इंग्लिशमध्ये त्यातल्या निम्म्यासुद्धा नाहीत. मसाज घ्या, मोती घ्या, वरच्या मजल्यावरच्या लाउंजचे वेगळे पैसे भरा, हे सारखं मागं लागणं मला अजिबात आवडलं नाही.

जेवण बुफे. भाज्या भरपूर, पण कशात डुकराचं मांस बारीक करून घातलंय ते डोळ्यांना कळत नाही. मी "आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही" हे चिनीत छापून नेलं होतं, तो कागद म्हणजे पासपोर्टइतकाच महत्त्वाचा समजा. पहिल्या रात्री आबा नुसता भात आणि घरची शेंगदाण्याची चटणी खाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना तांदळाची पेज सापडली, अगदी आपल्यासारखी, मीठ नाही घातलेलं, त्यात त्यांनी मेतकूट कालवलं आणि दोन वाट्या खाल्ली. किचनमधल्या एका मुलीनं तो कागद वाचला होता, ती त्यानंतर प्रत्येक जेवणाला वेगळ्या कढईत केलेली फरसबी नाहीतर टोफू आमच्या टेबलावर स्वतः आणून द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. बोटीला मार्क द्यायचे झाले तर त्यातले निम्मे तिचे आहेत.

दुसऱ्या दिवशी फंगदू. डोंगरावर यमलोकाची देवळं आहेत, मेल्यावर आत्म्याचा न्याय कसा होतो त्याच्या मूर्ती. तिथल्या देवाचं नाव यानल्वो, ते आपल्या यमराजावरूनच बौद्ध धर्माबरोबर तिकडं गेलंय, हे सांगितल्यावर आबांनी चपला काढून हात जोडले. खुर्चीचा रोपवे आहे, पायऱ्या चढायची गरज नाही. पण आबांचं लक्ष देवळांपेक्षा खाली होतं. डोंगराखालचं जुनं फंगदू गाव धरणात गेलं, नवीन फंगदू समोरच्या काठावर बांधलंय, उंच उंच इमारती. आबांनी मला विचारलं, "म्हंजी ह्यांना समोरच दिलं? पान्याच्या कडंलाच?" मी म्हटलं हो, निदान या गावाला तरी. धरणामुळं उठलेली माणसं सगळी मिळून जवळपास 13 लाख, सगळी काही समोर बसली नाहीत, कित्येक लांबच्या प्रांतात गेली. आबा बराच वेळ गप्प होते. आमचे कोयनेचे लोक ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली असे विखुरले, आणि काहींचं पुनर्वसन आजही पुरतं झालेलं नाही.

मग पूर्ण प्रवासात एक गोष्ट त्यांना दिसत राहिली जी मला दिसली नसती. काठावर ठिकठिकाणी 175 मीटरची पाटी लावलीय. हिवाळ्यात पाणी तिथपर्यंत असतं, पावसाळ्याच्या आधी पुराला जागा ठेवायला 145 पर्यंत उतरवतात. एप्रिलमध्ये ते उतरत असतं, त्यामुळं पाटीखाली उघड्या मातीचा पट्टा दिसतो. आबा म्हणाले, आमच्या घराच्या भिंतीवर अशीच चुन्याची रेघ मारून गेले होते सायेब लोक, आईनं ती सारवून टाकली, तर परत येऊन मारली. बहात्तराव्या वर्षी हे पहिल्यांदा सांगितलं त्यांनी मला. शिवसागराच्या काठी तापोळ्याला लाँचमध्ये कितीदा बसलोय आम्ही, तिथं ते नुसतं बोट दाखवायचे.

तिसऱ्या दिवशी पहाटे उठाच. छूथांग खिंड फक्त 8 किलोमीटरची आहे, झोपलात तर गेली. दोन्ही बाजूंनी सरळ कडे, नदी एकदम आवळते, 10 युआनच्या नोटेमागं जे चित्र आहे ते हेच, सगळे चिनी लोक नोट धरून फोटो काढत होते, आम्हीही काढला. नंतरची वू खिंड 45 किलोमीटरच्या आसपास, धुकं असेल तर जास्तच चांगली. दुपारी बादोंगला शनोंग ओढ्यातली छोट्या बोटींची सफर होती, बरी आहे, गर्दी फार.

शेवटी धरण. क्रूझ माओफिंगला धरणाच्या वरच्या बाजूलाच थांबते, तिथून बसनं नेतात. लांबी 2.3 किलोमीटर, 1994 ला काम सुरू झालं, वीज 22,500 मेगावॅट, म्हणजे आपल्या कोयना प्रकल्पाच्या 1,960 च्या साडेअकरा पट. आबांनी टीएमसी (अब्ज घनफूट) विचारलं, साताऱ्याच्या माणसाला धरण टीएमसीतच कळतं. मी फोनवर 3,930 कोटी घनमीटरचा हिशोब केला, 1,388 टीएमसीच्या आसपास निघतं. कोयना 105. "तेरा कोयना," ते म्हणाले, आणि परत एकदा म्हणाले. बसमधला गाइड मात्र नुसते आकडे म्हणून दाखवत होता, उठलेल्या माणसांबद्दल एक वाक्य नाही. मला ते खटकलं.

जहाजांची लिफ्ट वेगळे पैसे भरून, दुसऱ्या बोटीतून करायची असते. ही चुकवू नका. पाण्यानं भरलेली एक अजस्र पेटी आहे, 120 मीटर लांब, तुमची बोट तिच्यात शिरते, दार बंद होतं आणि पाण्यासकट अख्खी पेटी धरणाच्या वरून खालच्या नदीपर्यंत उतरते, जास्तीत जास्त 113 मीटर. पेटी आणि पाणी मिळून 15,500 टन, आणि बोट आत आली की तिच्या वजनाइतकंच पाणी बाहेर जातं म्हणून वजन तेवढंच राहतं, दुसऱ्या बाजूला तेवढीच वजनं टांगलेली. आबांना हे समजावायला लागलं नाही. बांबूची दोन टोकं असतात तशी दोन हातांचे तळवे त्यांनी वरखाली करून दाखवली. लिफ्ट 2016 मध्ये सुरू झाली, त्याच्या आधी सगळ्या जहाजांना पाच पायऱ्यांच्या लॉकमधून, म्हणजे पाणी कमीजास्त करून जहाज वरखाली नेणाऱ्या बंद हौदांतून, तीन-चार तास घालवायला लागायचे, मोठी मालवाहू जहाजं अजून तिथूनच जातात. लिफ्टमध्ये चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात.

या लिफ्टची तिकिटं बोटीवर पहिल्याच संध्याकाळी रिसेप्शनला नाव देऊन घ्या, आमच्या वेळी तिसऱ्या दिवशी मागणाऱ्या चौघांना नाही मिळाली. आणि पुढच्या रांगेतली जागा मागा, मागच्या बाजूनं समोरच्यांची डोकीच दिसतात.