वातीचा स्टो की पंपाचा स्टो? आच कमीजास्त करायला कुठला बरा

लालबागच्या चाळीत आमच्याकडे दोन्ही होते, म्हणून सांगतो. पंपाच्या स्टोचं डिझाइन मूळ स्वीडनचं, १८९२ च्या प्रायमस नावाच्या स्टोचं. टाकीत हवा भरली की रॉकेल नळीतून वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती निपलच्या बारीक भोकातून जोरात बाहेर येऊन हवेत मिसळते, म्हणून ज्योत निळी आणि आच जबरदस्त, पाणी बघता बघता उकळतं. पण आच कमी करायची तर चावी सैल करून हवा सोडायची, आणि जास्त सोडली की बर्नर थंड पडतो, वाफ नीट होत नाही, मग पिवळी ज्योत भडकते नाहीतर काजळी धरते. शिवाय आधी स्पिरिटने बर्नर तापवा, निपलचं भोक तुंबलं की पिन मारा, आणि आवाज होतो तो वेगळाच.

वातीच्या स्टोत दाबबिब काही नाही, खटका फिरवून वाती वरखाली केल्या की झालं. मंद आचेवर दूध आटवायला मला हाच आवडतो, फक्त वाती सारख्या कापलेल्या हव्यात. आच मात्र कमीच, आणि फार खाली घेतलं तर रॉकेलचा वास मारतो.

मला विचाराल तर घरी वातीचा, मोठ्या पातेल्याला पंपाचा.