निषिद्ध नगरीतील रत्नदालन: जेडचा डोंगर आणि सोन्याचा स्तूप

बीजिंगच्या निषिद्ध नगरीत, म्हणजे आजच्या राजवाडा संग्रहालयात, बहुतेक प्रेक्षक मधली भव्य सभागृहे पाहून सरळ उत्तरेच्या दरवाजाने बाहेर पडतात. ईशान्येकडच्या निंगशोउ महालातील रत्नदालनासाठी १० युआनचे वेगळे तिकीट काढावे लागते, आणि माझ्या मते ते न काढता परतणे म्हणजे राजवाड्याचा गाभाच न पाहणे होय. छियनलुंग बादशहाने निवृत्तीनंतर राहण्यासाठी १७७१ पासून हा महाल नव्याने बांधून घेतला, परंतु १७९६ मध्ये सिंहासन सोडल्यावरही तो येथे राहायला आला नाही.

सर्वाधिक वेळ द्यावा तो लशोउ थांग या दालनातील जेडच्या, म्हणजे चीनमध्ये अतिमौल्यवान मानल्या जाणाऱ्या कठीण दगडाच्या, डोंगराला. सव्वादोन मीटर उंच आणि सुमारे पाच टन वजनाच्या या एकाच शिलेवर महापूर आवरणाऱ्या यू राजाची कथा कोरली आहे. १७५९ मध्ये वायव्येकडचा शिनच्यांगचा मुलूख जिंकल्यानंतर तेथील जेड दरबारात मुबलक येऊ लागले. ही शिलाही तिथलीच. बीजिंगमध्ये आराखडे आणि मेणाचा नमुना तयार झाला, पण कोरीवकाम दक्षिणेकडच्या यांगचौ शहरात व्हायचे होते; तिथल्या उन्हाळ्यात मेण वितळेल या भीतीने त्याबरहुकूम लाकडी नमुना करण्यात आला, आणि १७८७ मध्ये तेथील कारागिरांनी काम पुरे केले. जेड छिन्नीने कोरता येत नाही. कुरुंदासारखी कठीण वाळू पाण्यात कालवून, फिरत्या चकतीने ते कणाकणाने झिजवावे लागते. हे ठाऊक असले की कपारीत वाकून पहारीने खडक उचकटणारी बोटभर माणसे आणि त्यांच्यामागची खोल पोखरलेली पाइनची झाडे पाहताना नजर हलत नाही. बादशहाच्या राजमुद्रा मात्र शिलेवर फारच ठळक उमटल्या आहेत. त्या कोरणाऱ्या चू युंगथाय या दरबारी कारागिराचे नाव नोंदींत टिकले, याचे मला मनापासून समाधान वाटते.

सोन्याचा केशस्तूप वेगळ्याच भावनेतून घडला आहे. १७७७ मध्ये आई वारल्यावर तिचे केस जतन करण्यासाठी छियनलुंगने तो करवून घेतला आणि सोने कमी पडू नये म्हणून महालातील सोन्याची भांडी वितळवली. घडण तिबेटी पद्धतीची असून कोनाड्यात अमितायुस या दीर्घायुष्याच्या बुद्धाची मूर्ती आहे. हा बादशहा रोल्पाइ दोर्जे या लामांचा शिष्य होता आणि थांगकांमध्ये, म्हणजे कापडावरच्या तिबेटी धर्मचित्रांमध्ये, स्वतःला मंजुश्री या बोधिसत्त्वाच्या रूपात रंगवून घेत असे. त्यामुळे त्याच्या धर्मकार्यात राजकारण किती, हा प्रश्न अभ्यासक नेहमी विचारतात. सात बुद्ध कोरलेली जेडची भिक्षापात्रेही त्याने घडवून घेतली. अपरिग्रहाची खूण सर्वांत मौल्यवान दगडात घडवण्यातला विरोध मला खटकतो; या स्तूपापुढे मात्र मुलाचे दुःख खरे वाटते.

दागिने आणि सोन्याची भांडी झरझर पाहिली तरी चालतील. त्याच तिकिटात पाहायला मिळणारी नऊ ड्रॅगनांची भिंत मात्र चुकवू नये. संग्रहालय एरवी सोमवारी बंद असते आणि प्रवेश पासपोर्टवर आगाऊ नोंदणी करूनच मिळतो. त्याच वेळी रत्नदालनाचे तिकीटही घ्यावे आणि निदान दोन तास इथल्यासाठी राखून ठेवावेत.