५४०० सांगून ७२०० ची गळ्यात मारली, तीही वापरलेली

मंडळी, जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलायची असेल आणि त्यातून घरी रेकॉर्डिंग करत असाल तर हे वाचूनच दुकानात जा.

माझी मूळची डिस्क कटकट वाजायला लागली होती. घरी गाणं आणि पेटी रेकॉर्ड करतो, खोली लहान, कंडेन्सर माइक लॅपटॉपपासून हातभर लांब, त्यामुळे डिस्क गप्प बसणारी हवी एवढीच अट. एसएसडीच घे म्हणतात सगळे, बरोबरच आहे, तिच्यात फिरणारं काही नसतंच, पण मला १ टीबी हवी होती आणि तेव्हा तेवढ्या एसएसडीचा भाव परवडणारा नव्हता. म्हणून ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे घेणारी, अडीच इंची शोधत होतो; ७२०० वाली जास्त जोरात फिरते, आवाजही जास्त करते. (रेकॉर्डिंगला ७२०० च लागते हे उगाच पसरवलेलं आहे. २४ बिट ४४.१ किलोहर्ट्झ या नेहमीच्या सेटिंगला स्टिरिओ ट्रॅक मिनिटाला जेमतेम १६ एमबी खातो, ५४०० ला ते काहीच नाही.)

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात मिळाली. "साहेब एकदम सायलेंट पीस, सीलपॅक आहे." लेबलवरही ५४०० छापलेलं. बिल घेतलं, घरी येऊन बसवली, विंडोज टाकलं, आणि पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये मी गायचा थांबलो की मागे घूं... आधी वाटलं अर्थिंगचा लोचा असेल, पण आपल्याकडच्या विजेची घरघर ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत येते, १००, १५० अशी. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शांत तुकडा निवडून प्लॉट स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख, काढला तर सुळका बरोब्बर १२० हर्ट्झवर. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, तेव्हा मिनिटाच्या ५४०० फेऱ्यांना ६० ने भागा, ९० येतात. १२० येतात ते ७२०० चे!

मग क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकून बघितलं. रोटेशन रेट ७२००, पॉवर ऑन अवर्स १९ हजारांच्या वर, म्हणजे दोन वर्षांहून जास्त रात्रंदिवस चाललेली, आणि सिरीयल नंबर लेबलवरच्यापेक्षा वेगळाच. डिस्क बाहेर काढून उजेडात धरली तर स्क्रूच्या भोकांभोवती घासल्याच्या चकचकीत खुणा, कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक ओरखडे, लेबलच्या कोपऱ्याखाली जुन्या स्टिकरचा चिकट डिंक. ती सीलबंद चंदेरी पिशवी कुठल्याही दुकानात मशीनवर चिकटवता येते, तिला काडीचीही किंमत देऊ नका.

परत गेलो तर आधी म्हणे "कंपनीत टेस्टिंग होतं, त्याचे तास दिसतात." १९ हजार तास टेस्टिंग?? मग म्हणे सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतं. आणि शेवटी हुकमाचं पान, "हा आमचा पीसच नाही." बिलावर नुसतं '१ टीबी एचडीडी' लिहिलेलं, सिरीयल नंबर नाही, म्हणजे त्यांनी सोय आधीच करून ठेवली होती. माझ्याकडे पिशवी फोडायच्या आधीचा लेबलचा फोटो होता, मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवलेला, तेवढाच आधार. १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर, फोटो आणि बिलासकट तक्रार टाकल्यावर मात्र दुकानातूनच फोन आला, आणि "हँडलिंग चार्ज" कापून पैसे परत दिले. कसलं हँडलिंग ते विचारायची इच्छाच राहिली नव्हती.

एक अजून. तास शून्य दिसले म्हणून हुरळू नका, ते आकडेही पुसता येतात. सॉफ्टवेअरमध्ये दिसतो तो सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर वॉरंटीसाठी टाकून बघा, लेबलशी जुळवा, आणि तोच बिलावर लिहून घ्या. हे सगळं काउंटरवरच, पैसे द्यायच्या आधी. क्रिस्टलडिस्कइन्फोची पोर्टेबल आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन जाता येते. दुसऱ्या वेळी एकाने यावर तोंड वाकडं केलं, "इतका डाउट असेल तर घेऊ नका," मी नाही घेतली. शेजारच्या दुकानातल्या पोराने न कुरकुरता यूएसबी केसमध्ये लावून दाखवली, तीच आता चालू आहे. ९० वर बारीकसा उंचवटा दिसतो, पण माइकचा स्टँड टेबलावरून खाली जमिनीवर घेतल्यापासून तोही पेटीच्या आवाजात ऐकू येत नाही.