कोलोरॅडो हंटिंग अ‍ॅटलास: पहिला एल्क टॅग घेतल्यानंतरचा अनुभव

एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत हा ऑनलाइन नकाशा सतत वापरला. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचा आहे, फुकट आहे. पहिल्यांदा टॅग, म्हणजे एक प्राणी मारायचा परवाना, घेणाऱ्याने पैसे देऊन दुसरं काही घेण्याआधी इथूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. भारतात १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हे शिकवणारं कुणी नसतं. वाचूनच शिकावं लागतं.

अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत. शिकारीसाठी राज्याचे आकडे दिलेले विभाग पाडलेत, त्यांना युनिट म्हणतात. नवखा माणूस आधी विचारतो, "सगळ्यात भारी युनिट कुठलं?" मग २, १०, २०१ असे आकडे कानावर येतात. तिथल्या मोठ्या नरांसाठी वीस-वीस वर्षं सोडतीत प्राधान्य देणारे पॉइंट साठवलेली माणसं रांगेत उभी आहेत. खरे प्रश्न वेगळेच: यंदा कुठला टॅग मिळेल, तिथे पायी शिरता येईल का, आणि मांस गाडीपर्यंत कसं आणणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नकाशात नाही, खात्याच्या ड्रॉ, म्हणजे टॅगच्या सोडतीच्या, अहवालात आहे. प्रत्येक हंट कोडला किती टॅग होते, किती अर्ज आले, किती पॉइंटवाल्यांना मिळाले, सगळं तिथे सापडतं. कोड वाचता आला की अर्धं काम झालं: ई म्हणजे एल्क, एफ म्हणजे मादी, मग युनिटचा आकडा, ओ२ म्हणजे दुसरा रायफल हंगाम, आर म्हणजे रायफल. पहिल्या वर्षी मादीचाच टॅग घ्या. तो तुलनेने सहज मिळतो, आणि नराच्या बाबतीत बहुतेक युनिटांत शिंगाला चार टोकं आहेत का, हे दुर्बिणीतून मोजत बसावं लागतं, तेही टळतं.

नकाशाची खरी ताकद त्याच्या थरांत आहे. एल्कचे उन्हाळी पट्टे, हिवाळी पट्टे आणि स्थलांतराचे मार्ग वेगवेगळे दिसतात. दुसरा रायफल हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो, तेव्हा कळप या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी असतात. मी मीकर गावाच्या पूर्वेला, फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या बाजूला, दोन्ही थर एकत्र लावले, त्यावर जमिनीच्या मालकीचा थर टाकला, आणि मधला जंगलखात्याचा तुकडा शोधला. मादी मिळाली ती तिथेच, अस्पेनची झाडी संपून गवत सुरू होतं त्या कडेला. पानं गळून गेली होती, रात्रीच्या बर्फावर खुरांचे ठसे ताजे होते.

मालकीचा थर नीट बघा. स्टेट ट्रस्टची जमीन सरकारी असली तरी सार्वजनिक प्रवेशाच्या योजनेत नसेल तर शिकारीला बंद. खाजगी जमिनीवर पाटी नसली तरी परवानगी लागतेच. शिकारीच्या यशाची टक्केवारीही याच नजरेने वाचावी. एखाद्या युनिटचा आकडा रँचवरच्या शिकारीमुळे फुगलेला असू शकतो, आणि तिथे आपल्याला पाऊलही टाकता येत नाही.

मांसाचा हिशोब मात्र कुठलाच नकाशा करून देत नाही. हाडं काढूनही मोठ्या मादीचं साठ-सत्तर किलो भरतं, ते वाया घालवणं बेकायदा, आणि नऊ हजार फुटांवर पाठीवर एक मांडी घेतली तरी दम लागतो. मला विचाराल तर पहिल्या वर्षी रस्त्यापासून तीन किलोमीटरच्या आतच राहावं.

डोंगरात सिग्नल नसतो. दुसऱ्या एका पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपचा डाउनलोड केलेला नकाशा ऐन वेळी उघडलाच नाही. कागदी नकाशा खिशात होता म्हणून निभावलं.

पुढच्या अर्जासाठी एक गोष्ट. सध्याच्या नियमानुसार पहिल्या पसंतीत फक्त पॉइंटचा कोड टाकून दुसऱ्या पसंतीत मादीचा टॅग मागता येतो, म्हणजे पॉइंटही साठतो आणि शिकारही होते. मुख्य ड्रॉचे अर्ज मार्चमध्ये सुरू होतात आणि एप्रिलच्या सुरुवातीला बंद. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन सक्तीचं आहे, तो कोर्स हिवाळ्यातच उरकून घ्या. ड्रॉसाठी आधी पात्रता परवानाही विकत घ्यावा लागतो, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.